चरकाच्या पट्ट्यातील तिढ्याची बखर

श्रीगजानन, श्रीसरस्वती, तैसेच सकळ चाकांची गती जे हाती धरून आहेत ते विश्वकर्मा, यांसी साष्टांग दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, चैत्रमासी, ऊन मातले असता राजमार्गाचे कडेस जे वर्तमान घडले ते ऐसे जे, तेथे एक राज्य होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. छत पत्र्याचे, तख्त लाकडी बाकाचे, खजिना म्हणाल तर उसाच्या मोळ्या, आणि परचक्र म्हणाल तर माश्यांचे. राज्याचे धनी दगडूनाना खलाटे, स्वभावे बहुत गरीब, परंतु चरकात ऊस घालावयास उभे राहिले म्हणजे खासे शोभत. राणीसाहेब कन्या तान्ही असताच देवाघरी गेल्या, आणि मग नानांनी राजकन्या मयूरी हीस चरकाशेजारी झोळीत निजवून राज्य चालविले. कन्या थोर जाहली, पदवी घेतली, आणि तिचे मनी आले की आकाशदळात भरती होऊन आपण विमान चालवावे. नानांनी ऐकिले आणि छाती भरून आली, आणि त्याच छातीत कोठे तरी खड्डाही पडला, परंतु तो कोणास दाखविला नाही.

मग प्रवेशपरीक्षेची मोहीम मांडली. गणिताचा किल्ला सर जाहला, इंग्रजीचाही जाहला, आणि यंत्रबोध म्हणोन जो गड, चाके, कप्प्या आणि तरफा यांनी बांधिलेला, तो मात्र हाती येईना. दातेरी चाकांचे प्रश्न ती चुटकीसरशी सोडवी, आणि पट्ट्याने जोडिलेली दोन चाके दिसली की दुसऱ्या चाकावर बाण उलटा काढी. शिकवणीचे गुरुजी समजावीत की पट्टा असला म्हणजे दोन्ही चाके एकाच अंगास फिरतात. ती मान डोलवी, नियम घडाघडा म्हणून दाखवी, आणि घड्याळ लावून प्रश्न घातले की हात पुन्हा उलटाच जाई. सराव परीक्षांत याच गडाखाली वारंवार पडली. वयाची अट ऐसी की यंदाची संधी हीच अखेरची, आणि म्हणोन पोरीचे जेवण तुटले, बोलणे तुटले, आणि ग्लास विसळता विसळता डोळ्यांत पाणी येऊ लागले.

एके दुपारी गिऱ्हाईक पांगले असता नानांनी जवळ बसून पुसिले की अडते तरी कोठे. तिने पुस्तकातील चित्र दाखविले, आणि चालत्या चरकाकडे बोट करून म्हणाली, "नाना, पुस्तक कायपण म्हणू दे. पट्टा लावला की पलीकडचं चाक उलटं फिरतं, हे मी कळायला लागल्यापासनं बघतेय. माझा हातच ऐकत नाही."

नानांनी चरकाकडे पाहिले, आणि सारे एकदम उमजले. त्याचे कारण ऐसे की कन्या झोळीत असता डिझेल इंजिनाचा धूर नेमका तिच्या तोंडावर जाई, आणि पोर खोकून खोकून लाल होई. तेव्हा नानांनी इंजिन उचलून चरकाच्या पलीकडे पाठमोरे मांडिले. धूर गेला, परंतु चरक उलटा फिरू लागला. मग नानांनी पट्ट्यास मध्ये तिढा देऊन तो आठाच्या आकड्यासारखा घातला, आणि चरक सुलट जाहला, आणि तो तिढा तैसाच राहिला. पोर त्याच पट्ट्याकडे पाहत पाहत वाढली. हे सांगावे म्हणोन नानांनी तोंड उघडिले, आणि मग मिटिले. सांगितले की गड सर होणार, आणि गड सर जाहला की ही जाणार. नाना उठले, बर्फ फोडू लागले, आणि आल्या गिऱ्हाइकास रसात दोनदा मीठ घालून दिले. रात्री भाकर पुढे आली ती तैसीच राहिली.

सकाळी मात्र नानांनी इंजिन बंद केले, पट्टा उतरविला, तिढा काढून सरळ चढविला, इंजिन पुन्हा सुरू केले आणि कन्येस हाक दिली. चरकात ऊस घातला तो आत जाईना. चरकाच्या लाटांनी, म्हणजे लोखंडी रुळांनी, तो मागे ढकलून नानांच्या पोटात मारिला. बाकावर रसाची वाट पाहत एक ट्रकवाले बसले होते, ते मोठ्याने हसले. मयूरी हसली नाही. ती पट्ट्याकडे, या चाकाकडे, त्या चाकाकडे पाहत राहिली, आणि दोन्ही चाके एकाच अंगास फिरत होती. मग नानांनी धुराची सारी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "ह्यो तिढा म्या घातलाय, पोरी. जगातले बाकीचे पट्टे सरळच असत्यात." मयूरीने पदवीधर असता लहान मुलीसारखे नानांच्या सदऱ्यास डोळे पुसले. त्या दिवशी राज्यात रस निघाला नाही. ती बाकावर बसून बाण काढीत राहिली, आणि बाण सुलट येत राहिले.

पुढे परीक्षा जाहली आणि गड फत्ते जाहला. मुलाखतीची लढाई झाली, वैद्यांनी डोळे तपासिले, आणि आकाशदळाचे बोलावणे आले. नाना पेटी उचलून फाट्यावर पोचवावयास गेले. एसटीची वाट पाहता तिने हळूच विचारिले, "पट्ट्याचं तुम्हाला आदल्या दुपारीच कळलं होतं ना?"

नाना रस्त्याकडे पाहत म्हणाले, "व्हय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"एक रात ठिवून घेतली तुला," नाना म्हणाले. "जास्ती ठिवायचा धीर झाला न्हाई."

तिने त्यांचा हात धरिला, आणि एसटी आली तरी कंडक्टर ओरडेपर्यंत सोडिला नाही.

एवंच, बापाच्या मायेने जो तिढा पडला तो बापाच्याच हाताने सुटला. आकाशदळाच्या दप्तरी याची नोंद होणे नाही, म्हणोन येथे करून लेखणी खाली ठेविली.