उन्हाचा व्हिडिओ, अंधाराचा फ्लॅट

शनिवारी सकाळी एजंटरावांनी स्वतःच्याच हॉलचा व्हिडिओ काढला, तेव्हा आपण कुणाला फसवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. निवृत्त हेडमास्तरांचा फ्लॅट आठ महिने त्यांच्या हातून विकला जात नव्हता. रविवार संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर फ्लॅट चौकातल्या दुसऱ्या एजंटाकडे जाईल, असं मास्तरांनी वर्गात शिक्षा सुनावतात त्या आवाजात सांगितलं होतं. आणि त्या फ्लॅटचा व्हिडिओ काही केल्या जमेना. समोर उंच इमारत, त्यामुळे फोनमध्ये नुसता काळोख आणि त्यातून येणारा एजंटरावांचा उत्साही आवाज.

सोशल मीडियावर घरं कशी विकावीत, याचा तीन तासांचा ऑनलाइन वर्ग त्यांनी नुकताच केला होता. "रोज एक पोस्ट!" तिथल्या सरांनी बजावलं होतं. "एक दिवस चुकलात की गिऱ्हाईक विसरलं." आजची पोस्ट राहिली होती आणि घरच्या बाल्कनीत छान ऊन पडलं होतं.

"हॉल म्हणजे हॉल," एजंटराव स्वतःशीच म्हणाले. "दोन खोल्या तिथे, दोन खोल्या इथे. उन्हाचाच काय तो फरक."

व्हिडिओच्या खाली त्यांनी लिहिलं, 'उद्या दहा ते एक केव्हाही या. बेल वाजवायचीही गरज नाही.' पत्ता विचारील त्याला सांगू, असा बेत होता. व्हिडिओ जिथे काढला तिथला पत्ता फोन आपणहून खाली चिकटवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सरांनी ते चौथ्या तासाला नक्की सांगितलं असतं.

रविवारी दहा वाजता ते मास्तरांच्या फ्लॅटमध्ये सगळे दिवे लावून, केस नीट करून उभे राहिले. सव्वादहाला बायकोचा फोन आला.

"अहो, एक माणूस आपल्या बाथरूममध्ये फ्लश ओढून बघतोय. तुमच्या ओळखीचा आहे का?"

"एकच?"

"बाथरूममध्ये एक. घरात अकरा."

"अकरा! बघितलंस? याला म्हणतात मार्केटिंग!"

"ते म्हणतात, आपलं घर विकायचंय."

एजंटरावांचं मार्केटिंग जागच्या जागी थिजलं. "थोपवून धर त्यांना," एवढंच म्हणून ते पळत सुटले.

 या घराचा एकेक पडदा बायकोने स्वतः शिवलेला. पण नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर तिची अकरा वर्षं गेली होती, आरडाओरडा तिच्या स्वभावात नव्हता. ही गर्दी आपल्या पायांनी परत जाईल असं काहीतरी बोलावं, असं तिने ठरवलं.

"हे कपाट तीन वर्षं लागत नाही," तिने सुरुवात केली. "वरच्यांचं बाळ पहाटे साडेचारला रडतं. स्वयंपाकघराचा नळ बंद केल्यावरही सव्वा मिनिट गळतो. मोजलंय मी."

"आणि पावसात?" एका आजोबांनी विचारलं.

"ओल येते. त्या कोपऱ्यात. म्हणून तिथे कॅलेंडर आहे."

आजोबांनी कॅलेंडर उचलून बघितलं. ओल होती. "घर विकताना इतकं खरं बोलणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं," ते गहिवरून म्हणाले. "ताई, आम्ही घेतलं!"

"आधी आम्ही आलोय!" फ्लशवाला बाहेर येत ओरडला.

एजंटराव धापा टाकत पोचले, तेव्हा त्यांच्याच घरासाठी भांडण जुंपलं होतं. "मंडळी, हा फक्त नमुना!" ते म्हणाले. "खरा फ्लॅट मागच्या गल्लीत. असाच आहे!"

"म्हणजे व्हिडिओ खोटा?" फ्लशवाल्याने बाह्या सरसावल्या. आजोबांनी त्याला अडवलं. "थांबा. ताईंना विचारू. ताई, कसा आहे तो फ्लॅट?"

एजंटरावांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या विनवणीने त्यांनी तिच्याकडे लग्नाआधीही पाहिलं नव्हतं.

"अंधारा," बायको म्हणाली. "भर दुपारी दिवा लागतो. दोनदा झाडायला गेले, दोन्ही वेळा शेजाऱ्यांच्या चपला घालून आले."

 माणसं एकेक करून जिना उतरली. कोपऱ्यात लाल डोळ्यांची एक नर्स तेवढी उरली. ती हॉस्पिटलातून थेट आली होती.

"खरंच इतका अंधार असतो?" तिने विचारलं. "दिवसासुद्धा?"

"दिवसाच जास्त."

"आवाज?"

"उजेडालाच वाट नाही, आवाज कुठून येणार?"

"सहा वर्षं रात्रपाळी करतेय मी," नर्स म्हणाली. "दिवसा झोपायला खिडक्यांना पुठ्ठे लावते. चला, दाखवा."

फ्लॅटमध्ये गेल्यावर तिने आधी सगळे दिवे बंद केले. मग "जरा बघते हं" म्हणत पर्स उशाला घेऊन ती फरशीवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. नवराबायको दाराशी चवड्यांवर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच एजंटराव गिऱ्हाईकासमोर गप्प राहिले. दीड तासाने ती उठली आणि म्हणाली, "घेतला."

संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. एजंटराव त्यांची वाटच बघत होते.

"बघितलंत सर? रोज एक पोस्ट! जमाना ऑनलाइनचा आहे."

"नर्सबाईंनी मला सगळं सांगितलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक किल्ली काढली. "माझ्या मेहुण्याचंही एक घर पडून आहे. अगदी रस्त्याला लागून. दिवसभर ट्रक घरघरतात."

"काळजीच सोडा!" एजंटरावांनी हात पुढे केला. "शांत, निवांत परिसर म्हणून उद्याच व्हिडिओ टाकतो."

मास्तर त्या हाताला वळसा घालून आत गेले आणि किल्ली त्यांनी एजंटरावांच्या बायकोच्या हातात ठेवली. "सवडीने बघून या. काय काय वाईट आहे ते तुम्हीच लोकांना सांगा."

"सर, मग मी?" एजंटरावांनी विचारलं.

मास्तरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. माणूस अगदीच टाकाऊ नव्हता.

"तुम्ही व्हिडिओ काढा ना," ते म्हणाले. "फक्त बोलू नका."