समोरच्या गॅलरीचा पंचनामा

आपल्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं काका छाती पुढे काढून सांगत. विमा कंपनीसाठी त्यांनी एकतीस वर्षं ठोकलेल्या गाड्या, जळालेली गोदामं आणि खचलेल्या भिंती तपासल्या होत्या. एखाद्या मुंगीचा पाय मोडला असता, तर ती त्यांच्या नजरेतून खरंच सुटली नसती. धडधाकट मुंगीबद्दल मात्र खात्री देता येत नाही. गल्लीत त्यांना सगळे पंचनामेकाका म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टवाळी किती, हे काकांनी कधी तपासलं नव्हतं.

काकूंचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि डोळ्याच्या आतला पडदा सरकला तो नेमका उजव्याचा. ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ दिवस दोन्ही डोळे बांधून ठेवायचे. किती दिसेल ते पट्टी काढल्यावरच कळेल." काकूंनी शहाण्यासारखी मान हलवली, पण घरी येईपर्यंत काकांचा हात काही सोडला नाही.

"घाबरतेस कशाला?" काका म्हणाले. "आठ दिवस माझे डोळे तुझे. आणि ते साधेसुधे डोळे नाहीत."

काकूंची संध्याकाळ एरवी खिडकीत जायची. आताही त्या खिडकीपाशी खुर्चीत बसत आणि काका शेजारी उभे राहून सांगत.

"दोन स्कूटर. एकीचा आरसा फुटलाय. गटारावरचं झाकण गायब. कोपऱ्यावरच्या भिंतीला तडा, अंदाजे चार फूट."

"अहो, पण आहे कोण?"

"कोण म्हणजे?"

"माणसं हो."

मग काका पुन्हा बघत, आणि बघतात तर काय, रस्ता माणसांनी भरलेला असे. माणूस असा शब्द कानावर पडेपर्यंत त्यांना माणूस दिसत नसे. त्यांच्या छापील अर्जात नुकसानीचा रकाना सर्वांत वर होता, आणि एकतीस वर्षांत डोळ्यांनीही तोच क्रम पाठ केला होता.

समोरच्या गॅलरीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई एकट्या राहत. घरात असल्या की कानाचं यंत्र काढून ठेवत. रोज पाच वाजता त्या गॅलरीत येत, काकू खिडकीत येत, दोघी एकमेकींना हात करत. वीस वर्षांत चुकलं नव्हतं. पाचव्या दिवशी पाच वाजले तसं काकूंनी विचारलं, "समोर काय दिसतंय?"

काका बघू लागले आणि त्यांचा आवाज एकदम कामावरचा झाला. "खिडकीची काच फुटलेली. फुटक्या काचेत एक चप्पल अडकलेली. एकच. कठड्यावर लाल ओघळ. ओले आहेत."

काकूंचा हात काकांच्या मनगटावर आवळला. "लाल? अहो, बाई पडल्यात की काय? फरशीवर बघा."

काकांनी फरशीवर बघितलं. "लाल थारोळं आहे. माणूस नाही."

"मग आत गेल्या असतील सरपटत. दाराकडे बघा."

काकांनी दाराकडे बघितलं. "दार अर्धवट उघडं. आत अंधार."

"अग्गोबाई. जा, पळा."

काका जिना उतरले, रस्ता ओलांडला, तीन मजले चढले. बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. धापा टाकत परत आले आणि खिडकीतून पुन्हा पाहणी केली. "परिस्थिती जैसे थे. चप्पल एकच."

तोवर काकूंनी अंदाजानं बटणं दाबून अग्निशामक दलाला फोन लावलाही होता. पंधरा मिनिटांत बंब आला. गल्ली गोळा झाली, काकाही खाली धावले. शिडी वर चढली, शिडीवरून एक जवान चढला, आणि कठड्यापाशी पोचून तो खाली वाकून ओरडला, "काका, बाई इथंच बसल्यात की खुर्चीत."

बाई खरोखरच खुर्चीत बसल्या होत्या. हातात रंगाचा ब्रश, एका पायात चप्पल. दुसरी त्यांनी कबुतराला फेकून मारली होती. ती काचेत गेली, आणि दचकल्यामुळे कुंड्या रंगवायचा लाल रंगाचा डबा हातातून फरशीवर उपडा झाला.

कानाला यंत्र लावून बाई थेट काकूंकडे आल्या. "अगं, हे टक लावून माझ्याकडेच बघत होते. मी ब्रश हलवून हलवून दमले."

काका खजील झाले. "ही 'खुर्चीकडे बघा' म्हणालीच नाही," ते पुटपुटले.

"तुम्हाला डोळे आहेत ना?" काकू म्हणाल्या.

"आहेत. पण चालतात तुझ्या तोंडानं."

बाई खूप हसल्या, काकूही हसल्या. बाई गेल्यावर काकू म्हणाल्या, "आता माझा पंचनामा करा बघू."

"पट्टी डावीकडे सैल. ओठ सुकलेले..." काका थांबले. या वेळी 'माणूस' हा शब्द कुणी उच्चारायची त्यांनी वाट पाहिली नाही. "वेणी तुझी तू घातलीयस, वाकडी झालीय. आणि पाच दिवस घाबरलेली आहेस. मला कळू नये म्हणून हसत असतेस."

काकूंनी नुसता हात पुढे केला. काकांनी तो धरला आणि पट्टी नीट बांधून दिली.

आठव्या दिवशी दवाखान्यात पट्टी निघाली. काका समोर उभे. काकूंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर बघत राहिल्या.

"काय दिसतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शर्टाचं बटण एक घर चुकलंय," काकू सावकाश म्हणाल्या. "डाव्या गालावर दाढी राहिलीय. डोळे लाल. आठ दिवस झोप नाही."

"आणि माणूस?" काकांनी कसंबसं विचारलं.

"तोच तर बघतेय मघापासून. पण आता दिसेनासा झाला बाई."

काका डॉक्टरीणबाईंकडे धावले. "डॉक्टर," ते ओरडले, "हिला दिसेनासं झालंय! लवकर बघा!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, त्या रडतायत."

काकांनी बघितलं. रडतच होती.