तिऱ्हाईत माणसाचं मत

मुंबईला असलेल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, सत्यवानच्या पत्राचं उत्तर राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे, गुरुदास मास्तर रोज सकाळी कार्ड घेऊन बसत आणि 'चि. सत्यवान यास आशीर्वाद' इथवर येऊन थांबत. पत्र तसं साधंच होतं. गावात, आचऱ्यात, बाबली गवंड्याने विकण्यासाठी नवं घर बांधलं होतं. 'जानकीला मुंबईची हवा सोसत नाही,' सत्यवानने बायकोविषयी लिहिलं होतं. 'पावसाआधी तिला त्या घरात आणायचं आहे. बाबली मागतो तेवढे पैसे कसेबसे जमलेत, वर एक नया पैसा नाही. पण घर तेवढ्या मोलाचं आहे का? बाबली चांगलंच म्हणणार, माझे भाऊबंद वाईटच म्हणणार. तुम्ही तिऱ्हाईत. बघून कळवा. मात्र कुणाला कळू देऊ नका.'

मास्तर जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाले होते, पण आमटीत मीठ कमी आहे हेही ते बहिणीला छातीठोकपणे सांगू शकत नसत. त्यांनी वाचनालयातून बांधकामाचं पुस्तक आणलं, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि होत्या त्या शंका वाढवून ठेवल्या.

शेवटी बहीण हौसाबाईच करवादली, "अरे, घर पुस्तकात नाय, खालच्या वाडीत आसा. जा, बघून ये!"

भर दुपारी, वाडी जेवून आडवी झाल्यावर मास्तर गेले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांनी छत्रीच्या मुठीने चिऱ्यावर ठोकलं आणि भिंतीला कान लावला.

"मास्तरानू, भितीक काय इचारतास? माका इचारा!" मागून बाबलीचा आवाज आला.

मास्तर दचकले. "काही नाही, सहज. सावलीला उभा होतो."

"सावलेक? कान लावन?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तर घर घेतायत. दुसऱ्या दिवशी दुकानदार लवू बाबलीच्या दारच्या खळ्यात हजर. "एवढी पुस्तकां वाचलेलो माणूस घर बघूक इलो, म्हणजे तेका कायतरी गावला आसतला. माका दी. मी वर दितंय." ते तोंडवलीच्या गणपतला कळलं. त्याच्या दोन होड्या होत्या आणि लवूशी जुनी चुरस होती. त्याने लवूच्या वर बोली लावली.

हे मास्तरांच्या कानावर आलं. आपण नुसतं बघायला गेलो आणि जानकीचं घर हातचं चाललं! आता एकच उपाय होता, घराला नावं ठेवायची. चहाच्या दुकानात सगळे बसलेले पाहून ते मोठ्याने, म्हणजे दुसऱ्याच्या कुजबुजीइतक्या मोठ्याने, म्हणाले, "त्या घराची पडवी मला जरा... कललेली वाटते."

मग लवूने गणपतला कोपराने ढोसलं. "बघलंस? आजपावत हेनी कोणाक वायट म्हणूक नाय. आणि आज घराक म्हणतत! तेंका ह्या घर होयाच!"

बोली आणखी चढली.

आता खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मास्तर बाबलीकडे गेले. लवू आणि गणपत कुंपणापाशी उभेच होते. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत बाबली म्हणाला, "काय बोला नकात. हे दोगव वर दितत. पण शाळेत माका तुमी पास केलास, दुसऱ्या कोणी केल्यान नसता. तुमका पयल्याच दरान!" आणि त्याने मास्तरांच्या हातात नारळ ठेवला.

नारळ हातात पडला की व्यवहार झाला. त्यानंतर मागे सरणाऱ्याच्या दारात गावातलं कुणी पाणीही पीत नसे. पण हा नारळ पडला होता मास्तरांच्या हातात, सत्यवानच्या नाही. गप्प बसावं तर लबाडी, बोलावं तर घर गेलं.

"बाबली," ते कसेबसे म्हणाले, "हे घर मला नको. सत्यवानला हवंय."

बाबलीचा चेहरा उतरला. त्याने नारळाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. तेवढ्यात आतून त्याची बायको यशोदा कडाडली, "दिलंस मा नारळ? मगे आता तोंड कित्याक पाडतंस?"

बाबलीने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. "मास्तरानू, तुमी लवूपेक्षाय वस्ताद निघालास!"

"मी म्हटलंय मा!" कुंपणावरून लवू म्हणाला.

आयुष्यात मास्तरांना प्रथमच कुणी वस्ताद म्हणत होतं. तसं काही नाही, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

तिथून ते थेट टपाल कचेरीत गेले. 'चि. सत्यवान यास आशीर्वाद,' त्यांनी लिहिलं, आणि या खेपेला हात थांबला नाही. 'घर तुझं झालं, पहिल्याच दराने. जानकीला घेऊन ये. घर तेवढ्या मोलाचं आहे का, याविषयी मात्र माझं मत अजून बनलेलं नाही.'

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, या विचारात ते बगलेत नारळ धरून पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग डोळे मिटून त्यांनी कार्ड आत सोडलं.