तिसऱ्या मजल्यावरचा बैल

विमावाल्यांनी आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घातली आणि त्यावर संसार चालवला. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही जिन्यात ते दिसले की माणसं घाईघाईने खिशात किल्ली शोधायला लागत. (आता पॉलिसी विकत नाही, हे सांगायची सोय नव्हती, ऐकायला कुणी थांबलं तर ना.) बायको गेल्यापासून घरात आवाज उरला तो फक्त गळक्या नळाचा, आणि तोही आपलंच म्हणणं रेटणारा.

अपवाद एकच, शनिवारची दुपार. शब्बाथचा, ज्यूंच्या सक्तीच्या विश्रांतीचा दिवस, म्हणजे टीव्ही बंद, फोन बंद, दिव्याच्या बटणालाही हात नाही. जेवणं आटोपली की दातांचे डॉक्टर यायचे आणि दोघं मिळून धर्मशास्त्र वाचायचे. वाचायचे म्हणजे भांडायचे. ज्यू लोकांत हा अभ्यास एकट्याने करत नाहीत. समोरासमोर बसायचं, ओळ मोठ्याने वाचायची आणि समोरचा कसा चुकतोय ते त्याला पटवून द्यायचं, अशी रीत. शेकडो वर्षांपूर्वीच्या रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, वाद हे दोघं असे घालत, जणू निकाल त्याच संध्याकाळी लागणार आहे. विमावाले टेबलावर हात आपटत. डॉक्टर मात्र सावकाश, मऊ आवाजात बोलत. समोरच्याच्या तोंडात कापूस आहे असं धरून बोलायची त्यांना सवयच होती. जिंकायचे नेहमी डॉक्टर. पण हरलेले विमावाले त्या संध्याकाळी दहा वर्षांनी तरुण दिसायचे.

मग डॉक्टर मुलीकडे कायमचे राहायला गेले. इतर दिवशी फोन करावा तर नातवंडं तो हिसकावून घेत, आणि शनिवारी फोनला शिवायचं नाही. काही शनिवार विमावाले पोथी उघडून नुसते बसून राहिले. अक्षरं दिसत, डोक्यात शिरत नसत. एकदा तर तिथेच डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा खिडकीत चांदण्या आल्या होत्या. शब्बाथ त्यांच्याशिवायच संपून गेला होता. त्या दिवशी त्यांना फार एकटं वाटलं.

म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी एक साधासा निर्णय घेतला. डॉक्टरांची बाजूही आपणच मांडायची. समोर डॉक्टरांची खुर्ची ठेवली, थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि पोथी उघडली.

विषय होता बैलाचा. एकाच्या बैलाने शेजाऱ्याच्या गाईला शिंगं खुपसून मारलं, तर भरपाई किती? (विमावाल्यांचा अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न.) आपल्या खुर्चीतून ते गरजले, की माझी गाय गेली, मला पुरी भरपाई पाहिजे. मग उठून, टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या खुर्चीत बसले, हनुवटी खाली घेतली आणि मऊ आवाजात म्हणाले, "जरा सावकाश घ्या. या बैलाने आधी कधी कुणाला मारलं होतं का?" प्रश्न बिनतोड होता, कारण बैलाचा पहिलाच गुन्हा असेल तर भरपाई निम्मीच. उत्तर द्यायला ते धावत परत आले.

आणि काय सांगावं, अंगात वारं संचारलं. जिना चढताना कुरकुरणारे गुडघे टेबलाभोवती निमूट धावायला लागले. गाल तापले, कित्येक आठवड्यांनी सपाटून भूक लागली. कधीच मातीला मिळालेले ते सगळे रब्बी खोलीत येऊन बसलेत असं त्यांना वाटलं, आणि आनंदाने डोळे भरून आले. त्याच भरात "तुमचा बैल कुठे होता ते सांगा" असं ओरडत ते उठले. टेबलक्लॉथ पायात अडकला. थर्मास, कप, खुर्ची आणि विमावाले असे एकामागून एक सगळे खाली गेले.

ते उठून उभे राहतात न राहतात तोच दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई. त्याही निवृत्त, त्याही एकट्या. इतक्या वर्षांत त्या विमावाल्यांशी एकच वाक्य बोलल्या होत्या, ते म्हणजे "आमचा विमा उतरवलेला आहे."

या इमारतीत मांजर पाळायलाही बंदी आहे, तेव्हा बैल कुठे ठेवलाय, असं बाईंनी विचारलं. विमावाल्यांनी पोथीकडे बोट दाखवलं.

"आणि ते दुसरे गृहस्थ?"

विमावाले गांगरले आणि नको तेवढं खरं बोलले. ते तर मुलीकडे गेले, दोन महिने झाले.

"आत्ता बोलत होते ते," बाई म्हणाल्या. त्यांनी सांडलेला चहा पाहिला, दोन कप पाहिले, आडवी पडलेली खुर्ची पाहिली. मग न्हाणीघर तपासलं, पडदा सरकवला, वाकून पलंगाखाली बघितलं. प्रेत काही मिळालं नाही.

"बाई, दुसरं कुणीच नाही," विमावाले शेवटी म्हणाले. "दोन्हीकडून मीच भांडत होतो. हे एकट्याने वाचता येत नाही हो."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची उचलून नीट ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. किती सबुरीने बोलत होते ते, असं म्हणाल्या. माझ्याही घरात कुणी बोलत नाही, म्हणून तासभर स्वयंपाकघरात स्टूल टाकून छताकडे कान लावून बसले होते, हेही त्यांनी सांगून टाकलं.

घरात आपणहून कुणी येऊन बसल्याला किती काळ लोटला होता. हिय्या करून विमावाल्यांनी विचारलं, पुढच्या शनिवारी याल का? धर्म कुठलाही असो, भांडता आलं म्हणजे झालं.

"शाळा चालवलीय मी," बाई म्हणाल्या. "येईन. पण ते दुसरे असतील तरच."

शनिवारी बाई आल्या आणि थेट विमावाल्यांच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीतून दुपारभर मऊ आवाज येत राहिला. वाद असा रंगला की चांदण्या कधी आल्या ते कळलं नाही. बाई जिंकल्या. निघताना उंबऱ्यात थांबून मनापासून म्हणाल्या, "फार दिवसांनी छान दुपार गेली. आणि ते आरडाओरडा करणारे आज घरात नव्हते, ते एक बरंच झालं."