शेवाळाच्या दुप्पटीचे आणि तळ्याच्या बांधाचे वर्तमान

विघ्नहर्त्यास आणि बरोबर उत्तरास नमस्कार करून लिहिणे ऐसे जे, शके सतराशे एकोणीस, चैत्र वद्य पंचमीस राणीसाहेब माहेरी निवर्तल्याचे वर्तमान नगरात कळले, आणि त्याच सकाळी नगराच्या एकुलत्या तळ्यात तीन चौरस काठ्या शेवाळ दिसले. ते रोज दुप्पट होई. तळे तीनशे काठ्यांचे, आणि पुरते झाकले की पाणी नासणार. तळे उपसणारे भोई यावयास पाच दिवस लागत. महाराजांस सुतक होते, परंतु शेवाळ सुतक पाळीत नाही, म्हणून दरबार भरला.

मग विसोपंत दफ्तरदार धूळपाटी घेऊन बसले. एक ओळ लिहावी, पुसावी, आणि मग दुसरी लिहावी, ही त्या दफ्तराची रीत, त्यामुळे चूक कोणास सापडत नसे. पंतांनी तीन दुणे सहा केले, सहाचा कितवा घात तीनशे ते लॉग घेऊन काढले, आणि बोलिले, "महाराज, तीन दिवस आणि वर थोडे. भोई येईतो खेळ खलास. आजच बांध फोडावा आणि पाणी मडक्यांत भरून घ्यावे."

महाराज म्हणाले, "आणि उन्हाळाभर मडकी चाटावी? पंत, दोन दिवसांनी शेवाळ किती?"

"सहाचा वर्ग छत्तीस, महाराज."

"तीनाचे सहा, सहाचे बारा. छत्तीस कोठून आणिले?"

पंत धूळपाटीकडे पाहू लागले, पण ती पुसलेली होती.

"घात एकट्या दोनाचा आहे," महाराज म्हणाले. "तीन हा पाहुणा. राणीसाहेब म्हणत, आधी पाहुणा वाटेस लावावा, मग घरच्यांचे पाहावे. तीनाने भागा."

"मग दोनाचा कितवा घात शंभर, एवढेच उरले," पंत म्हणाले.

"सहावा घात चौसष्ट, सातवा एकशे अठ्ठावीस. नेमका बसत नाही, म्हणून आता लॉग घ्या, म्हणजे वरचा घात खाली उतरून गुणावयास उभा राहील."

"शंभराचा लॉग दोन, दोनाचा शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य. भागिले असता सहा पूर्णांक चौसष्ट," पंत हळूच म्हणाले. "महाराज, साडेसहा दिवस आहेत."

"मग बांध फोडावयाची फावडी खाली ठेवा."

आणि पाच दिवसांनी भोई आले, तेव्हां शेवाळ शहाण्णव काठ्या होते, आणि त्यांनी ते वाढीहून अधिक वेगाने ओढीत दोन दिवसांत काढिले.

सारांश, पाणी राहिले, बांध राहिला, पंतांची चाकरीही राहिली. कारकुनांस गणित शिकविणे राणीसाहेबांकडे असे. त्या जागी अद्याप कोणास नेमिले नाही.