मामी दोर धरतात तेव्हा

माझ्या सासूबाई जावयाला अहोजाहो करत, पण फक्त जमिनीवर. जावई विहिरीत लोंबकळू लागला की त्याचा 'मुडद्या' होई.

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. या मामी अहमदपूरकडच्या एका खेड्यात राहत आणि सदैव संतापलेल्या असत. लातूर जिल्हा नवा झाला, गावात पेढे वाटले, तर मामींनी वाटणाऱ्यालाच फैलावर घेतलं. "जिल्हा केलाव म्हनं! आन् पानी कुठं ठिवलं, उस्मानाबादलाच?" तो बिचारा पेढ्यांचा डबा तिथंच टाकून निघून गेला.

पाणी खरंच नव्हतं. गावची खोल विहीर तळाला गेलेली. कुणीतरी दोरानं उतरायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. काठावरच्या बाभळीच्या खुंटाला दोराचे वेढे देऊन माणूस खाली सोडायचं काम मामींचं. माणूस जड असला की एक वेढा जादा. उतरणारा तळाला टेकेपर्यंत तोंड चालूच. "हळू! भितीला पाय लाव! लगीन हाय का खाली तुझं?"

मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीतला नवा कारकून, आणि त्याहून नवा जावई. त्या दिवशी उतरायचा नंबर माझ्या बायकोचा होता. मी म्हटलं, मी जातो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण जावयानं घागरीसारखं खाली जायचं म्हणजे काय? मी म्हटलं, माझा मी उतरेन. डोंगर चढणाऱ्या एका मित्रानं मला दोर मांडीखालून घेऊन खांद्यावर टाकून त्यावरून घसरत उतरायला शिकवलं होतं. कचेरीतल्या टेबलावरून जमिनीपर्यंत मी तो प्रयोग यशस्वीही केला होता.

मामींनी न विचारता दुसरा दोर माझ्या कमरेला बांधला. "ऱ्हाऊ द्या, पावनं."

सुरुवात झकास झाली. वरून बायको बघत होती, म्हणून मी ऐटीत हात जरा सैल सोडला. दोर असा सरसरला की लग्नातल्या टेरिलीनच्या पँटीतून धूर निघाला. तळहात पेटल्यासारखे झाले आणि मी दोन्ही हातांनी दोर सोडून दिला.

कमरेला हिसका बसला. मामींचा दोर. मी अधांतरी, पँट मांडीला चिकटलेली, आणि वरून गर्जना: "मुडद्या! दोर हाय का घसरगुंडी? लेक दिली ती रांडाव कराया का रं? हात भाजला का? बोल! भाजला तर भाजू दे! आता मी सोडीन तसा ये!"

तळाला टेकेपर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

संध्याकाळी तळहातांना हळद लावून मी फुगून बसलो. बायको म्हणाली, "आई बोंबलून ऱ्हायली तवर भ्यायचं न्हाई. खालून वरचं मानूस दिसत न्हाई ना. आवाज हाय, म्हंजे दोर धरलेला हाय."

पुढं गावात नळ आले. विहिरीवर जाळी बसली. मामींना ओरडायला कुणी उरलं नाही. पेढे आले तर आता त्या मुकाट्यानं खाऊ लागल्या.

एकदा त्यांना माहूरला रेणुकेच्या दर्शनाला नेलं. पायऱ्या चढल्या कशाबशा. उतरताना गुडघा अडला. मी मागून दंड धरून, जावयाला शोभेल असा, अदबीनं गप्प चाललो होतो. मध्येच त्या थांबल्या. पाय पुढं टाकेनात.

"गप का झालाव, पावनं?"

"तुम्ही उतरा सावकाश, मामी. मी आहे."

"तरनीताठी हुते तवा मीबी उतरले हुते हिरीत. वर तुमचे सासरे. लई गरीब मानूस, बोलायचेच न्हाईत. मला वाटलं, हायेत." त्यांनी गुडघा चोळला. "बिडी पेटवाया गेले हुते."

मला भयंकर राग आला. सासऱ्यांचा, जे केव्हाच वारले होते. त्या पायऱ्यांचा. माझ्या अदबीचा तर सगळ्यात जास्त. मी दंड घट्ट धरला आणि भर गर्दीत बोंबललो, "लग्न आहे का खाली तुमचं? कठडा धरा! हळू! आधी तो पाय टेका!"

लोक थबकले. एक बाई म्हणाली, "काय मेला मानूस! म्हातारीवर वरडतो."

मामींनी पाय उचलला आणि खालच्या पायरीवर टेकला.

"आजून जोरात, मुडद्या," त्या म्हणाल्या.