खात्रीलायक पाणी

इमारतीतले लोक त्यांना संपादक म्हणत. वास्तविक त्यांनी कुठलंही वर्तमानपत्र कधी चालवलं नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि जगाकडे लक्ष द्यायला मोकळे झाले, एवढंच. सरकार कुठे चुकलं हे सरकारच्या आधी त्यांना कळे. दूध उशिरा आलं तरी ते त्याचा संबंध आखाती देशांतल्या तेलाशी जोडत, आणि दूधवालाही मान डोलावी. सायकल पंक्चर झाली होती, हे सांगण्यापेक्षा ते बरं दिसायचं.

त्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात त्यांचं भाषण होतं. विषय : 'खोटी बातमी कशी ओळखावी'.

"मला कुणी फसवून दाखवावं!" आरशासमोर स्टुलावर बसून ते बायकोला म्हणाले. केसांना कलप लावणं चाललं होतं. पुढची बाजू त्यांच्याकडे, मागची बायकोकडे. "पहिली गोष्ट, तारीख बघायची. दुसरी, बातमी आली कुठून ते बघायचं. संपलं! माणूस फसूच शकत नाही."

"मान हलवू नका. कान रंगतोय."

तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याने वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं होतं. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती, तीन दिवस पाणीपुरवठा पूर्ण बंद! कात्रणाची वरची कड कापलेली होती, त्यामुळे तारीख काही दिसत नव्हती. पण पाण्याची बातमी म्हटल्यावर तारखा कसल्या बघायच्या? आणि मेहुणा तर घरचाच माणूस. संपादकांनी करंगळीने (बाकीची बोटं काळी होती) ते कात्रण इमारतीच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'खात्रीलायक. ताबडतोब पाणी भरून ठेवा.'

इमारत पेटून उठली. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला आणि शेवटी फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं काढून तीही भरली. त्यांच्यासमोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातले चूळ भरायचे कागदी पेलेसुद्धा काठोकाठ भरून ओळीने मांडले. वरची टाकी रिकामी झाली. सेक्रेटरींनी खालून पंप सुरू करायला लावला. मग खालची टाकीही रिकामी झाली. पंपाला ते कुणी सांगितलं नाही. तो प्रामाणिकपणे कोरडाच फिरत राहिला आणि जळका वास सोडून कायमचा गप्प झाला.

इकडे संपादक डोक्यावर कलप घेऊन ग्रुपवरच्या शंकांचं निरसन करत होते. 'प्यायचं पाणी वेगळं ठेवायचं का?' 'ठेवावं.' 'माशांचं पाणी आज बदलावं का?' 'माशांना विचारून ठरवावं.' अशा रंगात आलेले असतानाच कलप धुवायची वेळ झाली. ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला. बस्स.

"अगं, आपण पाणी भरलंय ना?"

"मी कधी भरणार? मी तुमचं डोकं रंगवत होते!"

बायकोने फोन हातात घेतला आणि कात्रण मोठं करून पाहिलं. "अहो, बातमीच्या शेजारी ह्या पुढाऱ्याची जाहिरात आहे. हे ह्या पक्षात कधी होते?"

संपादकांनी चष्मा लावला. त्या पक्षातून ते गृहस्थ दुसऱ्यात गेले होते, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि सध्या तिन्ही पक्षांना शिव्या देत होते.

"चार वर्षं झाली," संपादक अगदी बारीक आवाजात म्हणाले. कपाळावरून काळा ओघळ नाकाकडे निघाला होता.

डोक्याला टॉवेल गुंडाळून आणि बादली घेऊन ते शिकवणीच्या बाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, बातमी जुनी आहे. खोटीच म्हणा. मला एक बादली पाणी द्या."

"खोटी? नळ सोडून बघा!"

"नळाला पाणी नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी ते भरून घेतलंत!"

"आणि भरलं नसतं तर? आज काय हाल झाले असते!"

संपादकांनी बादली नुसतीच पुढे केली.

"तुमचे उपकार आहेत," बाई हात जोडून म्हणाल्या, "पण तीन दिवस काढायचेत. पाणी तेवढं मागू नका." आणि दार लावलं.

दातांचे डॉक्टर मनाने मोठे. त्यांनी दोन पेले दिले. "यात भागतंय का बघा. नाहीतर चूळ तरी भरा."

खाली पंपाभोवती गर्दी होती. मेकॅनिकने मोटर उघडली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "जळली. नवी तार भरून यायला तीन दिवस लागतील."

सेक्रेटरींनी संपादकांकडे भक्तिभावाने पाहिलं. "तीन म्हणजे तीनच! तुम्हाला कळतं तरी कसं?"

शेवटी बायकोने फ्रीजमधल्या बाटल्यांनी त्यांचं डोकं धुतलं. थंडगार पाण्याने संपादक थरथरले, कलप मात्र हलला नाही. केस, दोन्ही कान आणि अर्धं कपाळ एकाच रंगाचं झालं.

वाचनालयात एरवी भाषणाला सात-आठ डोकी असत. त्या दिवशी माणसं उभी होती! पुढच्या रांगेत सगळी इमारत. संपादकांनी आपल्या हातातला भाषणाचा कागद पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज सकाळी मी स्वतःच फसलो." मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कात्रण, मेहुणा, जळलेला पंप, अगदी कलपसुद्धा. "पाणी बंद नव्हतं. ते आपण बंद केलं. मी केलं."

मग शिकवणीच्या बाई उठल्या. "एवढं कळत असून किती हा विनय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, विजेचं काय?"

"विजेला काहीही झालेलं नाही!" संपादक कळवळून म्हणाले. "वीज जाणार नाही!"

लोकांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिलं. पुढच्या दोन रांगा हळूच उठून बाहेर पडल्या.

घरी परतताना कोपऱ्यावरच्या दुकानाशी ही गर्दी! शेवटचं पाकीट दुकानदाराच्या हातात होतं आणि संपादकांना पाहून त्याने ते आदराने पुढे केलं. बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"घे," संपादक रस्त्याकडे बघत म्हणाले. "असलेल्या बऱ्या."

मेणबत्त्या घेऊन दोघं घरी आली.